कोरडा दोर

भोईआळीतले पुरुष पालख्या खांद्यावर घेऊन स्वारीबरोबर कर्नाटकात गेले, ते मृग निघाला तरी परतले नाहीत. मग सांगावा आला की स्वारीची छावणी यंदा तिकडंच पडणार, पावसाळाभर कुणी वाट पाहू नये. बायकांनी कपाळाला हात लावला. येसाजी भोई तेवढा उठला आणि नदी बघायला गेला.

येसाजीचा एक गुडघा वाकत नव्हता, डाव्या डोळ्यात पडदा आला होता. त्याचे दोन्ही मुलगे, थोरला संपत आणि धाकटा हैबती, स्वारीत गेले होते. आळी वसली होती तीच मुळी अवघड जागी. एका अंगाला मुठा, दुसऱ्या अंगाला नागझरीचा ओढा. मुठा फुगली की ओढ्याचं पाणी उलटं फिरायचं आणि आळीचं बेट व्हायचं. मग जीव वाचवायचा तर ओढा ओलांडून कसब्याच्या चढावर जायचं, आणि ओढा ओलांडायचा तो सांगडीवरून. बांबूची चौकट, तिला बांधलेले वाळके भोपळे, वर माणसं. एकानं पुढं पोहत ती ओढायची, एकानं मागून रेटायची. ते काम पुरुषांचं.

नदीवरून येऊन येसाजी आळीच्या मधोमध उभा राहिला.

"उद्यापासनं समद्या बायांनी डोहावर यायचं. सांगड बांधायला अन् ओढायला शिकायचं."

समोरच्या ओट्यावर ठकूबाई बसली होती. वयानं येसाजीच्या बरोबरीची, जिभेनं चार पावलं पुढं. ती म्हणाली, "अन् बाप्यांनी काय करायचं? आल्यावर वाती वळायच्या?"

"आल्यावर त्यांनी काय करायचं ते त्यांस्नी सांगू. नदी त्यांच्यासाठी थांबणार हाय का, तेवढं तिला इचारून ये."

दाराआड उभी असलेली येसाजीची थोरली सून मैना हे ऐकून मनात हसली. सासऱ्यानं शिकवायचं म्हटल्यावर पहिला मान कुणाचा? घरातले भोपळे कुणाच्या हातचे? सासू गेल्यापासून दरसाल वेल छपरावर चढवायचा, फळ धरलं की खाली गवताची चुंबळ द्यायची, ऊन लागेल तसं ते फिरवायचं, वाळून आत बी खुळखुळलं की उतरवायचं, हे सगळं मैनाच करत होती. बोटानं टिचकी मारून भोपळा कच्चा की पक्का हे ती सांगायची. आळीतल्या बाया भोपळा दाखवायला तिच्याकडं यायच्या. सासऱ्यानं मात्र या सगळ्याला आजवर "हं" याच्यापलीकडं काही म्हटलं नव्हतं. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय.

येसाजीची एक गोष्ट आळीला ठाऊक होती. काम वाईट झालं की तो शिव्या द्यायचा, चाललं की "हं" म्हणायचा, आणि मनापासून पटलं तरच "बरं" म्हणायचा. "बरं" ऐकायला मिळालेली माणसं थोडी होती, आणि मैना त्यांत नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाया कासोटा मारून डोहावर जमल्या. मैनेची धाकटी जाऊ गोजरा होती, पखालीवाल्याची मदिनाबी होती, शेजारच्या आणखी दोघीतिघी होत्या. येसाजीनं कुणालाच पाण्यात उतरू दिलं नाही. काठावर बसवलं आणि विचारलं, "पाणी दारात आलंय. आधी काय उचलशील?"

कुणी म्हणाली देव, कुणी म्हणाली शेळी. एक म्हणाली जातं, तेव्हा मदिनाबी खुदकन हसली. "जातं गळ्यात बांध, लवकर पोचशील."

"तू काय उचलशील?" येसाजीनं तिलाच धरलं.

"पोरांना."

"अन् मंग?"

येसाजी स्वतःच बोटं मोजत सांगायला लागला.

"मंग दोर. अन् मंग इस्तवाचं गाडगं, राख घालून. पलीकडं गेल्यावर भिजलेल्या पोरांना ऊब कशाची देशील? गेल्या मोठ्या पुरात आपल्याकडं काय नव्हतं? सांगड होती. दोर होता. पोहणारी माणसं होती. पर सांगड न बांधलेली, दोर भाताच्या कणगीमागं अन् माणसं अंथरुणात. तहान लागल्यावर हीर खणली. चौदा घरं होती आळीत, त्यातली निम्मी राहिली." त्या पुरात त्याची बहीण गेली होती.

त्या दिवसापासून त्यानं बायांचा पिट्टा पाडला. घरापासून ओढ्याकाठच्या उंबरापर्यंत पोर काखेत मारून पळत यायचं. डोळे मिटून गाठ मारायची. उंबरापासून पलीकडच्या पिंपळापर्यंत त्यानं जाड दोर आत्ताच ताणून बांधून घेतला, ओढ्यात घोट्याएवढं पाणी असताना. ठकूबाई ओट्यावरून म्हणायची, "दोरावर धुणं वाळत घालू का रं, मोकळाच हाय तवर?" येसाजी लक्ष द्यायचा नाही.

मग एक दिवस त्यानं बायांना डोहात उतरवलं, आणि मैनेच्या सुखाला तिथंच ग्रहण लागलं.

गोजरा मांजरी गावची. लग्न होऊन तिला दोनच पावसाळे झाले होते. तिकडं नदी रुंद, आणि ही चालायला शिकली त्याच्या आधी पोहायला शिकली असावी. कमरेला दोर बांधून तिनं सांगड ओढली ती डोहाच्या या काठापासून त्या काठापर्यंत, आणि वर आली तेव्हा धापही लागली नव्हती. मैना पण पोहायची, पण तिच्या पोहण्यात पाणीच जास्त उडायचं. तिची सांगड मधेच गर्रकन फिरली आणि बाया हसल्या.

येसाजी गोजरेकडं बघून म्हणाला, "बरं."

मैनेनं ते ऐकलं. तिचं तोंड पाण्यात होतं, तरी ऐकलं.

"सांगडीच्या पुढं गोजरा," येसाजीनं सांगून टाकलं. "मैना उंबरापाशी मागल्या दोरावर, सांगड धारेला लागू न द्यायला. तिची मूठ घट्ट हाय."

म्हणजे वर्षानुवर्षं भोपळे वाढवायचे मैनेनं, आणि त्यांच्या पुढं मिरवायचं हिनं. आयत्या बिळावर नागोबा! मैना घरी आली ती भाकरी थापताना परातीवर असे हात आपटत होती की शेजारणीनं कुणाचं भांडण आहे म्हणून डोकावून पाहिलं.

गोजरेचं हसणंही तिला आता खुपायला लागलं. गोजरा वाईट नव्हती, तेच तर मोठं दुखणं होतं. वाईट असती तर चार शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. पण ती सकाळी मैनेच्या आधी उठून पाणी भरायची, "जाऊबाई, तुम्ही बसा" म्हणायची, आणि प्रत्येक गोष्टीत तिची मांजरी आणायची. आमच्या मांजरीला मासे असे चिरतात. आमच्या मांजरीला कालवणात हे घालत नाहीत. मैनेला वाटायचं, एवढी मांजरी गोड आहे तर आलीस कशाला इकडं.

आणि सई. मैनेची पाच वर्षांची पोर दिवसभर काकीच्या पदराला. गोजरा तिला पाठीवर घेऊन डोहात शिरायची आणि पोरीच्या किंकाळ्या आळीभर ऐकू यायच्या. एकदा मैनेनं सईला जेवायला बोलावलं तर ती म्हणाली, "काकी भरवंल." मैनेनं तिच्या पाठीत धपाटा घातला. पोर रडत गेली ती गोजरेच्याच कुशीत. मैनेचा तो घास ताटातच राहिला.

आषाढ लागला. येसाजीनं बायांना सांगड बांधायला शिकवायचा दिवस ठरवला, आणि नेमकी गोजरा त्याच सकाळी बाहेरची झाली. महिन्याच्या अडचणीत बाईनं नदीत उतरायचं नाही आणि सांगडीला, दोराला हात लावायचा नाही, हा भोयांचा जुना नेम. ती मागच्या पडवीत वेगळी बसली.

डोहावर येसाजीनं अंबाडीचा दोर दोन्ही हातांत ताणून धरला.

"ह्यो दोर कोरडा हाय. असाच आवळून बांधला तर बघायला लई झ्याक दिसंल. पर पाण्यात गेला की अंबाडी आकसती. आकसली की भोपळ्याच्या पाठीत रुतती, अन् भोपळा फुटतो. भर पाण्यात फुटतो. म्हणून दोर रातभर भिजवायचा अन् वलाच बांधायचा. वाळल्यावर जरा ढिला पडंल. पडू दे. हात लावायचा न्हाई. पाण्यात गेला की आपसूक मापावर येतो. कळलं?"

बायांनी माना डोलावल्या. येसाजीनं मैनेला बाजूला घेतलं. सून बाहेर बसलेली असताना तिच्याशी बोलायला जाणं त्याच्यानं होणार नव्हतं.

"गोजरीला हे सांग. मोठी सांगड तिला वढायची हाय, तिनंच बांधायची."

"सांगते, मामंजी."

मैना घरी आली. पडवीत गोजरा गोधडीचे टाके घालत होती. तिनं वर बघून विचारलं, "आज काय झालं, जाऊबाई?"

"काय न्हाई. नेहमीचंच."

एवढंच बोलून मैना चुलीकडं गेली. उद्या सांगू, असं तिनं स्वतःला बजावलं. उद्या तिनं सांगितलं नाही, आणि परवाही नाही. स्वतःची बारकी सांगड मात्र तिनं दोर भिजवून बांधली. मनात म्हणाली, मांजरीवालीला सगळंच येतं, हेही येत असेल.

गोजरेला न्हाऊन मोकळी झाल्यावर सांगड बांधायची होती. मैना ओसरीवर सुपात दाणे पाखडत बसली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत राहिली. गोजरेनं दोराची गुंडाळी खुंटीवरून काढली, उन्हात झटकली आणि तशीच कोरडी भोपळ्यांवर फिरवायला घेतली. पायाचा तळवा चौकटीला लावून, दात आवळून तिनं एकेक वेढा असा ओढला की तिच्या दंडाच्या शिरा दिसायला लागल्या. भोपळे मैनेच्या हातचे होते. त्यांतला एक, बुटका आणि गोल, सासूनं जाता जाता दिलेल्या बियाणाचा होता.

"आमच्या मांजरीला असंच आवळत्यात," गोजरा घाम पुसत म्हणाली. "तिकडं सांगड बारा महिने पाण्यातच असती म्हणा. एकदा पाण्यात टाकली की पुन्हा सोडून बांधायची, मंग बघायला नको. इथं घट्ट झाली न्हवं?"

मैनेचं सूप हातात थांबलं. एक शब्द बोलायचा होता. इथं सांगड आढ्याला टांगतात आणि पाणी आलं की एकदम पाण्यात टाकतात, पुन्हा सोडून बांधायला कुणाला वेळ नसतो. एवढंच सांगायचं होतं. समोर अंगणात, त्या दिवशी डोहावर न आलेल्या दोघीतिघी गोळा झाल्या होत्या आणि गोजरेची सांगड हातानं दाबून बघत होत्या.

"ही बघा कशी टणक! अन् मैनाबाईची ती तिकडली बघा, झोळीवानी ढिली."

सगळ्या हसल्या. गोजरा पण हसली, वाईट मनानं नव्हे, हसणाऱ्यांच्या नादानं. मैनेनं सूप परत हलवायला सुरुवात केली. बांध बाई, तिनं मनात म्हटलं, तुझ्या मांजरीसारखं बांध.

संध्याकाळी येसाजीनं आढ्याखाली उभं राहून वर बघितलं. हात तिथवर पोचत नव्हता, आणि डोळ्याला धड दिसत नव्हतं.

"लई आवळ वाटतीया. तू तिला दोराचं सांगितलंस न्हवं?"

"सांगितलं की," मैना म्हणाली. "तिचा हातच तसा हाय."

येसाजीनं मान हलवली. मैनेची जीभ तिखट होती, पण भोपळ्याच्या आणि दोराच्या कामात तिनं त्याला कधी खोटं सांगितलं नव्हतं.

"सोमवारी दोन्ही सांगडी मोकळ्या पाण्यात सोडून बघू," तो म्हणाला.

मैनेला तो सोमवारच हवा होता. मोकळी सांगड, वर कुणी नाही, काठावर सगळी आळी. फट फट फट भोपळे फुटतील, बाया तोंडावर पदर घेतील, आणि सासरा गोजरेकडं बघून "बरं" म्हणणार नाही. कुणाच्या जिवाला काही व्हायचं नव्हतं. गोजरेची फजिती व्हायची होती, ती पोटभर बघायची होती. त्या विचारानं तिला त्या दिवशी भूकही चांगली लागली.

सोमवारच्या आधी पाणी आलं.

पुण्यात त्या दिवशी ऊन होतं. खडकवासल्याकडं मात्र चार दिवस आभाळ काळं होतं. सकाळी मदिनाबी घागर घेऊन नदीवर गेली, तर पाण्यावर फेस आणि गवताचे पुंजके वाहताना दिसले. तिनं घागर तिथंच टाकली आणि ओरडत आली. येसाजीनं नदीत खुणेचा दगड रोवून ठेवला होता, तो बुडाला होता.

"उंबरापाशी!" एवढाच शब्द आळीभर फिरला.

आणि बाया निघाल्या. रडारड झाली नाही, कुणी जात्याकडं धावलं नाही. पोरं काखेत, दोर खांद्यावर, मदिनाबीच्या हातात विस्तवाचं गाडगं. इतके दिवस ज्या वाटेवर येसाजीला शिव्या घालत पळाल्या, त्याच वाटेवर त्यांचे पाय आता आपोआप पडत होते. ठकूबाईला दोघींनी हाताचा पाळणा करून आणलं. "जरा बेतानं," ती कुरकुरत होती, "मी काय तुमची पालखी हाय?"

ओढ्याचं पाणी उलटं फिरलं होतं. मुठेचं गढूळ पाणी आत घुसत होतं, उंबराच्या मुळाशी भोवरे खात होतं. ताणलेला दोर पाण्यावर हातभर उरला होता. मैनेनं उंबराच्या बुंध्याला पाठ लावून सांगडीच्या मागल्या दोराचा शेव मुठीत धरला, शिकवल्यासारखा. गोजरा कमरेला सांगड ओढायचा दोर बांधत होती.

"आधी पोरं," येसाजी म्हणाला. "मोठी सांगड उतरवा."

मोठी सांगड आळीतून आणलेलीच होती. बायांनी ती पाण्याच्या कडेला टेकवली. मदिनाबीनं सईला उचललं आणि अगदी मधोमध, त्या बुटक्या गोल भोपळ्यावर बसवलं. सई खूश होती. काकी पुढं ओढणार होती.

मैनेनं दोराचा शेव मुठीला आणखी एकदा गुंडाळला. आत्ता बोललं तर सगळ्या आळीला कळणार होतं की हिला ठाऊक होतं. सासऱ्याला कळणार होतं की ही खोटं बोलली. ती सईकडं बघत होती. सईनं दोन्ही हातांनी तो कोरडा, आवळलेला दोर घट्ट धरला होता.

दुसरी पोर वर बसली. तिसरी बसली. गोजरेनं पाण्यात पाय टाकला.

"थांबा!" मैना ओरडली. "त्या सांगडीवरनं पोरं उतरवा. दोर कोरडा बांधलाय. फुटंल ती."

सगळ्या थबकल्या. गोजरा कमरेएवढ्या पाण्यात वळून उभी राहिली.

"कोरडा म्हंजी?"

येसाजीनं मैनेकडं बघितलं. "तुला कवा कळलं?"

"बांधली तवाच. म्या बघितलं."

"अन् तू म्हणालीस, सांगितलं."

"खोटं बोलले. म्या तिला काहीच सांगितलं न्हाई."

मदिनाबीनं सईला खस्सकन उचललं आणि मैनेकडं असं बघितलं की मैनेला त्याच्यापेक्षा थोबाडीत परवडली असती.

येसाजीनं शिवी दिली नाही. त्याला तेवढा वेळ नव्हता. "मैनेची सांगड आणा. बारकी हाय, पर वली बांधलीया. फेऱ्या जास्ती होतील. ही मोठी उंबराला बांधून पाण्यातच ऱ्हाऊ द्या, चालली तर चालली."

दुसरी सांगड येसाजीनं उगाच बांधून घेतली नव्हती. दोघी गुडघाभर पाण्यातून धावत जाऊन ती घेऊन आल्या. ज्या ढिल्या दोराला बाया हसल्या होत्या, तो पाण्यात टेकल्यावर हळूहळू ताठ झाला आणि जागेवर बसला. सईला तिच्यावर बसवलं. मैनेनं स्वतः पोरीचे हात दोरावर ठेवले आणि गोजरेकडं बघितलं. तिला काही म्हणायचं होतं. गोजरा म्हणाली, "सोडा हात, जाऊबाई. पाणी वाढतंय."

आणि ती गेली. ताणलेल्या दोराला एक हात, कमरेला सांगड, डोकं पाण्यावर. मधल्या धारेत सांगड तिरपी झाली, सईनं किंकाळी फोडली, गोजरेनं अंग फिरवून ती सरळ केली. मैनेच्या मुठीतला दोर थरथरत होता. पलीकडच्या पिंपळाखाली सई उतरली तेव्हाच मैनेनं तो सैल सोडला.

बारक्या सांगडीवर माणसं मावत थोडी. गोजरा आली, गेली, पुन्हा आली. प्रत्येक फेरीला तिचे ओठ आणखी निळे पडत होते. पुढच्या एका फेरीहून परत येताना काठाला लागताच तिचे हात सुटले. मदिनाबीनं तिला बगलेत धरून ओढली. गोजरेला उलटी झाली, नुसतं पाणी.

"तिला पलीकडं बसवून न्या," येसाजी म्हणाला. मग त्यानं मैनेकडं बघितलं. "पुढं हो."

इतके दिवस मैना ज्या जागेसाठी झुरली होती, ती जागा अशी मिळाली. मदिनाबीनं उंबरापाशी मागला दोर धरला. मैनेनं ओढायचा दोर कमरेला बांधला, पाण्यात शिरली आणि पहिल्याच हिसक्याला तिला वाटलं, आपली कंबर मोडली. पाणी नाकातोंडात गेलं. मागं गोजरा सांगडीवर पालथी पडली होती, तिचं आणि आणखी दोघींचं ओझं, आणि धार त्या सगळ्यांना मुठेकडं ओढत होती. डोहात हे सगळं किती सोपं दिसत होतं! तरंगत जाऊन हसत वर येणाऱ्या गोजरेचा तिला राग आला होता. आता तिला आश्चर्य वाटलं की ही बया हसत तरी कशी होती.

"दोराला लटकू नका," मागून गोजरेचा खोल गेलेला आवाज आला. "पाय मारा, जाऊबाई. खालून पाय मारा."

मैनेनं पाय मारले.

ती परत निघाली तेव्हा तो आवाज आला. उंबराला बांधलेल्या मोठ्या सांगडीवर कुणी नव्हतं. फट. मग जरा वेळानं पुन्हा, फट. भोपळ्याची पाठ दुभंगून आत पाणी शिरलं आणि सांगडीचा एक कोपरा खाली गेला. पिंपळाखाली गोजरेच्या कुशीत घोंगडीत गुंडाळलेली सई टाळ्या पिटत ओरडली, "फुटला! आणिक एक फुटला!" पोरीला ती गंमत वाटत होती. गोजरा टाळ्या वाजवत नव्हती. ती पाण्यातल्या मैनेकडं एकटक बघत होती.

शेवटच्या फेरीला ठकूबाई आणि येसाजी राहिले. मैनेची बोटं सोलून निघाली होती. म्हातारी सांगडीवर बसताना पुटपुटली, "कुणाची बांधलेली म्हनायची ही?"

"माझी," मैना म्हणाली.

"मंग बसते. बांधतीस चांगली, नियत ढिली हाय तुझी."

मैनेनं ऐकून घेतलं आणि पाण्यात उतरली. त्यांच्या पाठीमागं मोठी सांगड उंबरापासून सुटली, फुटके भोपळे आणि बांबू मुठेच्या दिशेनं वाहत गेले. सासूच्या बियाणाचा तो बुटका गोल भोपळा शेवटी दिसेनासा झाला. दुपारपर्यंत आळीच्या मातीच्या भिंती एकामागून एक बसल्या. शेळ्या गेल्या, कणग्या गेल्या. माणूस एकही गेलं नाही.

सगळ्यांनी कसब्याच्या चढावरच्या देवळाच्या ओवरीत मुक्काम ठोकला. मदिनाबीचं गाडगं राखेत जिवंत होतं, त्यावर शेकोटी पेटली. कुणाच्या तरी घरून पिठलं-भाकरी आली. बाया मैनेशी बोलत नव्हत्या. तिच्यासमोर भाकरी ठेवत होत्या, पण बोलत नव्हत्या.

सकाळी येसाजीनं सगळ्यांना ओवरीत बसवलं, डोहावर बसवायचा तसंच.

"पाणी पुन्हा येणार. काय चुकलं ते एकेकीनं सांगा."

ठकूबाई म्हणाली, "मला शेवटी ठेवलंत, ते चुकलं." कुणी हसलं नाही. मदिनाबी म्हणाली, गाडग्याला झाकण हवं होतं. दुसरी म्हणाली, मोठा दोर आणखी वर बांधायला पाहिजे. मग पाळी मैनेची आली. सगळ्या तिच्या तोंडाकडं बघत होत्या.

"दोर कोरडा बांधला, म्हणून भोपळे फुटले," ती म्हणाली.

"ते दोराचं झालं," येसाजी म्हणाला. "फुडं?"

मैनेनं खाली बघितलं. "तिला ठाऊक नव्हतं. मला होतं. तिची फजिती बघायची होती मला. मामंजींनी तिला बरं म्हटलं, पोरगी तिच्याकडं गेली, माझ्या पोटात आग पडली. म्हणून म्या गप ऱ्हायले." ती जमिनीकडं बघूनच पुढं बोलली. "आजबी तीच आग हाय. खोटं कशाला बोलू."

खांबाला टेकून बसलेली गोजरा कालपासून मैनेशी एक शब्द बोलली नव्हती. सई तिच्या मांडीवर डोकं ठेवून जागीच पडली होती. गोजरेनं सईचं डोकं हळूच बाजूला केलं, उठली, कोपऱ्यातली अंबाडीच्या दोराची गुंडाळी उचलली आणि मैनेच्या पुढ्यात टाकली.

"सांगा."

"काय सांगू?"

"म्या बाहेर बसले व्हते त्या दिशीचं. समद्यांना शिकवलं ते. मला सांगायचं ऱ्हायलंय न्हवं? आता सांगा."

मैनेनं सासऱ्याकडं बघितलं. तो दुसरीकडं बघत होता. तिनं दोर हातात घेतला. सोललेल्या बोटांना तो झोंबला. तिनं बादलीत दोर बुडवला, दाबून धरला, आणि सांगायला लागली. अंबाडी पाण्यात आकसते. रातभर भिजवायचं. ओला बांधायचा. वाळल्यावर ढिला दिसेल, कुणी हसलं तरी हात लावायचा नाही. बोलता बोलता तिनं ओला दोर ओवरीच्या खांबाला गुंडाळून गाठ मारून दाखवली, सोडली, पुन्हा मारली. गाठ बरोबर बसली. गोजरेनं दोर तिच्या हातातून घेतला आणि तीच गाठ आपण मारली. मैनेनं बोट लावून एक वेढा सरळ केला.

गोजरेनं गाठ ओढून बघितली. ती हसली नाही, मांजरीचं नाव तिनं काढलं नाही.

"बरं," ती म्हणाली, आणि जाऊन सईचं डोकं परत मांडीवर घेतलं.

इतकी वर्षं ज्या शब्दासाठी कान टवकारले होते, तो असा आणि इकडून आला. मैनेनं तो ऐकला, आणि मान खाली घालून उरलेला दोर बादलीत भिजत घातला.